'मेट्रोपोलिस' (१९२७) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रित्झ लांग या दिग्दर्शकाच्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचा खेळ झाला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते उत्तरांसह एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये कथानक फुटतं. ज्यांना आधी चित्रपट पाहायचा आहे, त्यांनी थेट 'कोणती आवृत्ती पाहावी?' या प्रश्नाकडे जावं आणि मग परत यावं.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

भविष्यातलं एक अवाढव्य शहर. वर मनोरे, बागा, क्रीडांगणं आणि श्रीमंतांची मुलं. त्याखाली यंत्रं. त्याच्याही खाली कामगारांची वस्ती. शहराचा मालक योह फ्रेडरसन, त्याचा मुलगा फ्रेडर. फ्रेडर कामगारांमधल्या मारियाच्या मागे खाली उतरतो आणि आपलं सुख कशावर उभं आहे ते पहिल्यांदाच पाहतो. मारिया कामगारांना धीर धरायला सांगत असते. तिच्यावरचा त्यांचा विश्वास मोडावा म्हणून फ्रेडरसन रोटवांग या शास्त्रज्ञाला त्याच्या यंत्रमानवाला मारियाचा चेहरा द्यायला लावतो. ही खोटी मारिया कामगारांना भडकवते, ते यंत्रं फोडतात आणि पाणी त्यांच्याच वस्तीत शिरतं. मुलं वाचतात. शेवटी चर्चच्या दारात मालक आणि कामगारांचा मुकादम हात मिळवतात. हा शेवट तेव्हाही अनेकांच्या गळी उतरला नव्हता आणि आजही उतरत नाही.

कोणी आणि कुठे बनवला?

उफा या जर्मन कंपनीने, बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्ग स्टुडिओत. पटकथा लांगची तेव्हाची पत्नी थेआ फॉन हार्बू हिची. याच कथेवरची तिची कादंबरीही प्रसिद्ध झाली. चित्रीकरण मे १९२५ मध्ये सुरू झालं ते ऑक्टोबर १९२६ पर्यंत चाललं. ठरलेला खर्च सुमारे १५ लाख मार्क, झालेला ५० लाखांच्या वर. १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनच्या 'उफा-पालास्ट आम झू' या चित्रपटगृहात पहिला खेळ झाला.

न्यूयॉर्कच्या इमारती पाहून लांगला हे सुचलं, हे खरं का?

लांग स्वतः तसं सांगायचा. ऑक्टोबर १९२४ मध्ये तो निर्माता एरिक पॉमरसोबत बोटीने न्यूयॉर्कला गेला, रात्रीच्या दिव्यांत झगमगणारं शहर त्याने पाहिलं आणि चित्रपट डोळ्यांपुढे उभा राहिला, अशी ती हकिकत. अडचण एवढीच की पटकथेचं काम त्याआधीच सुरू झालेलं होतं. शहराच्या रूपावर न्यूयॉर्कची छाप असणारच, पण हकिकत रंगवून सांगायची लांगला सवय होती. त्याच्या मुलाखती वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

संगणक नसताना ही दृश्यं कशी घेतली?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि याचं उत्तर द्यायला मजाही येते. मुख्य युक्त्या तीन.

पहिली आरशाची. ऑयगेन शुफ्तान या तंत्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत आरसा तिरका लावायचा. बाजूला ठेवलेली छोटी प्रतिकृती, म्हणजे मिनिएचर, त्यात दिसते. मग जिथे माणसं दिसायला हवीत तेवढ्याच भागावरचा आरशाचा मुलामा खरवडून काढायचा. तिथे उरते साधी काच, आणि काचेपलीकडे दूर उभे असलेले नट दिसतात. कॅमेऱ्याला मात्र सगळं एकच चित्र वाटतं. श्रीमंतांच्या मुलांची धावण्याची शर्यत ज्या क्रीडांगणात होते, तिथे नीट पाहा. उंच भिंती आणि वरचे पुतळे प्रतिकृतीतले आहेत, मुलं खरी. नंतर हीच युक्ती ब्रिटनमध्ये दिग्दर्शक हिचकॉकनेही वापरली.

दुसरी युक्ती संयमाची. मनोऱ्यांमधून जाणारे पूल, त्यांवरच्या मोटारी, मधून घिरट्या घालणारी विमानं हे सगळं कलादिग्दर्शक एरिक केटेलहुट आणि मंडळींनी प्रतिकृतींतून उभं केलं. प्रत्येक मोटार हाताने किंचित पुढे सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. पडद्यावर काही सेकंद दिसणाऱ्या रहदारीसाठी कित्येक दिवस गेले.

तिसरी युक्ती कॅमेऱ्याच्या आतली. यंत्रमानवाभोवती वर-खाली फिरणाऱ्या प्रकाशाच्या कड्या ग्युंथर रिटाऊ या छायालेखकाने वेगळ्या चित्रित केल्या आणि तीच फिल्म मागे गुंडाळून पुन्हा पुन्हा एक्स्पोज केली. एका वेळी चूक झाली तर आधीचं सगळं वाया. दुसरा छायालेखक कार्ल फ्रॉइंड पुढे हॉलिवूडला गेला आणि आपलं प्रकाशयोजनेचं ज्ञान तिथे घेऊन गेला.

यंत्रमानव धातूचा होता का?

नाही. वॉल्टर शुल्झ-मिटेनडॉर्फ या शिल्पकाराने ब्रिगिटे हेल्मच्या अंगाचा प्लॅस्टरचा साचा घेतला आणि त्यावर लाकडाच्या भेगा बुजवायच्या लवचीक लगद्यातून तुकडे घडवले. वर चंदेरी रंग. हेल्म तेव्हा जेमतेम १९ वर्षांची होती आणि हा तिचा पहिलाच चित्रपट. पोशाख कडक असल्यामुळे तिला जागोजागी खरचटायचं. आत चेहराच दिसत नाही, मग दुसरं कोणी का नको, असं कुणालाही वाटेल, पण लांगने तिलाच आत उभं केलं. खोट्या मारियाला जाळण्याच्या दृश्यात तिच्या कपड्यांनी पेटही घेतला होता.

लांगच्या शिस्तीचं कौतुक करणाऱ्यांनी पुराच्या दृश्याबद्दलही वाचावं. बर्लिनच्या गरीब वस्त्यांतली सुमारे ५०० मुलं दोन आठवडे थंड पाण्यात उभी होती. कामगारांच्या पिळवणुकीवरचा चित्रपट अशा रीतीने बनला, ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. '२५,००० पुरुष आणि ११,००० स्त्रिया' वगैरे आकडे मात्र जाहिरातीतले आहेत, ते जाहिरातीसारखेच घ्यावेत.

इतकं सगळं करून चित्रपट पडला कसा?

पडलाच. पण त्याने एकट्याने उफाला बुडवलं, हे खरं नाही. कंपनी आधीच अडचणीत होती आणि १९२५ च्या अखेरीस तिने पॅरामाउंट व एमजीएम या अमेरिकन कंपन्यांकडून मोठं कर्ज घेतलं होतं. बदल्यात त्यांचे चित्रपट जर्मनीत दाखवायचे, असा करार होता.

अमेरिकेत दाखवताना पॅरामाउंटला चित्रपट लांब आणि गुंतागुंतीचा वाटला. चॅनिंग पोलॉक या नाटककाराकडे तो कापायला दिला गेला आणि त्याने कथाच बदलली. मूळ कथेत 'हेल' नावाची स्त्री आहे. रोटवांगचं तिच्यावर प्रेम होतं, पण तिने फ्रेडरसनशी लग्न केलं आणि फ्रेडरला जन्म देताना ती गेली. यंत्रमानव रोटवांगने तिच्याच आठवणीपोटी घडवलेला असतो. इंग्रजीत या नावाचा अर्थ नरक होतो, म्हणून पोलॉकने हेलला सगळीकडून पुसून टाकलं. त्यासरशी रोटवांगच्या वेडाचं कारणच नाहीसं झालं आणि उरला एक विनाकारण दुष्ट शास्त्रज्ञ. जर्मनीतही काही महिन्यांत मूळ प्रत मागे घेऊन कापलेली प्रत लावली गेली. ४,१८९ मीटरच्या चित्रपटातली सुमारे चौथाई फिल्म गेली.

मग पूर्ण चित्रपट सापडला कुठे?

अर्जेंटिनात. १९२७ च्या सुमाराला आडोल्फो विल्सन नावाच्या वितरकाने न कापलेली प्रत ब्यूनस आयर्सला नेली. तिथून ती एका समीक्षकाच्या संग्रहात, मग सरकारी कलानिधीकडे आणि शेवटी तिथल्या चित्रपट संग्रहालयात पोचली. वाटेत कुणीतरी धोकादायक नायट्रेट फिल्मवरून १६ मिमीची प्रत काढून मूळ प्रत नष्ट केली. नायट्रेट पेट घेतं म्हणून असं बऱ्याच ठिकाणी होत असे. प्रत काढताना आधी साफसफाई केली नाही, त्यामुळे मूळ प्रतीवरचे सगळे ओरखडे नव्या निगेटिव्हवर कायमचे उमटले.

यातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे एक तक्रार. फर्नांडो मार्टिन पेन्या या चित्रपट-इतिहासकाराला फिल्म क्लब चालवणाऱ्या एका जुन्या माणसाने सांगितलं होतं की, ही प्रत प्रोजेक्टरवर नीट बसेना, म्हणून खेळ संपेपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ फिल्मवर बोट दाबून उभं राहावं लागलं. पेन्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: जगभर तर दीड तासाची प्रत फिरते, मग हा माणूस दोन तास बोट कशावर दाबून होता? ती रिळं बघू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं मागे लागला. २००८ मध्ये पाउला फेलिक्स-दिदिएर संग्रहालयाच्या प्रमुख झाल्या, दोघांनी डबे उघडले आणि उलगडा झाला.

न्यूझीलंडच्या संग्रहातल्या एका प्रतीतूनही काही वेगळे शॉट मिळाले. सगळं जोडून तयार झालेली आवृत्ती १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिन महोत्सवात दाखवली गेली. त्याआधी, २००१ मध्ये, युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' या नोंदवहीत समाविष्ट झालेला हा पहिला चित्रपट ठरला होता. तेव्हा तो अपुराच होता.

अजून काही गहाळ आहे का?

हो. एका साधूचं प्रवचन, आणि फ्रेडरसन व रोटवांगची झटापट. तिथे पडद्यावर मजकुराच्या पाटीवर काय घडलं ते लिहिलेलं येतं.

प्रभाव, प्रभाव म्हणतात तो नेमका कुठे दिसतो?

आधी वरच्या दोन उत्तरांतली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. १९२७ चे पहिले काही महिने सोडले, तर २०१० पर्यंत हा चित्रपट पूर्ण असा जवळजवळ कुणीच पाहिला नव्हता. म्हणजे ज्या ज्या दिग्दर्शकांवर, चित्रकारांवर, गायकांवर त्याचा प्रभाव पडला, तो अर्ध्यामुर्ध्या, कथा विस्कटलेल्या चित्रपटाचा. प्रभाव टिकला तो चित्रांचा. कथा कापली गेली, बदलली गेली, तिची टिंगल झाली. चित्रांना कुणी धक्का लावू शकलं नाही.

त्यातली काही चित्रं कुठवर पोचली ते पाहू.

वीज, काचेची नळकांडी आणि टेबलावर निजलेला देह असलेली प्रयोगशाळा. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये ती जवळपास तशीच येते, आणि तिथून पुढच्या प्रत्येक वेड्या शास्त्रज्ञाकडे. रोटवांगच्या उजव्या हातावर काळा हातमोजा आहे, प्रयोगात त्याने तो हात गमावला आहे. कुब्रिकच्या १९६४ मधल्या 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'मध्ये उजव्या हातावर काळा मोजा चढवलेला आणि त्या हातावर ताबा नसलेला शास्त्रज्ञ भेटतो.

धातूसारखा दिसणारा यंत्रमानव. 'स्टार वॉर्स'साठी राल्फ मॅक्वॉरीने सी-थ्रीपीओ या यंत्रमानवाचं जे पहिलं चित्र रंगवलं, ते उघडउघड या चित्रपटातल्या यंत्र-मारियावरून घेतलेलं होतं. अंतिम पोशाख बदलला, तरी छातीची आणि चेहऱ्याची ठेवण ओळखू येते.

वर श्रीमंत आणि खाली गरीब, अशी उभी विभागलेली नगरी. १९८२ चा 'ब्लेड रनर' इथूनच सुरू होतो: रात्र, धुरकट हवा, पिरॅमिडसारखी मालकाची इमारत. टिम बर्टनच्या १९८९ मधल्या 'बॅटमॅन'चं गॉथम शहरही याच घराण्यातलं. पण प्रत्येक उंच इमारत दिसली की 'मेट्रोपोलिस'चं नाव घ्यायची जी खोड समीक्षकांना लागली आहे, ती सोडायला हवी. गगनचुंबी इमारतींची भविष्यचित्रं त्याआधीपासून मासिकांत येत होती. लांगने दिली ती उंचीशी जोडलेली सत्ता: जो वर, तो मालक. उचलली गेली ती ही गोष्ट.

संगीतातही तेच. क्राफ्टवेर्क या जर्मन गटाच्या १९७८ च्या अल्बममध्ये 'मेट्रोपोलिस' नावाचा तुकडाच आहे. १९८४ मध्ये क्वीनच्या 'रेडिओ गा गा'च्या व्हिडिओत मूळ चित्रपटातली दृश्यंच वापरली गेली. १९८९ मध्ये मॅडोनाच्या 'एक्स्प्रेस युअरसेल्फ'मध्ये डेव्हिड फिंचरने सगळी नगरी नव्याने उभी केली.

एक दृश्य मात्र फारसं कुणी उचललं नाही, आणि मला तेच सर्वांत मोठं वाटतं. सुरुवातीची पाळी बदलण्याची वेळ. दोन रांगा एकमेकींशेजारून जातात, माना खाली, पावलं एका तालात. पण कामावर जाणारी रांग जितक्या वेगाने चालते, त्याच्या साधारण निम्म्या वेगाने कामावरून सुटलेली रांग चालते. थकवा दाखवायला ना चेहरा लागला, ना पाटी.

जपानच्या तेझुकाने चित्रपट न पाहताच 'मेट्रोपोलिस' काढलं?

त्याचं स्वतःचं म्हणणं तसंच आहे. ओसामू तेझुकाची याच नावाची चित्रकथा १९४९ ची. चित्रपटाचं एक छायाचित्र तेवढं त्याने मासिकात पाहिलं होतं. त्यावरून त्याने स्वतःची वेगळीच गोष्ट रचली. त्या गोष्टीवर २००१ मध्ये जपानी ॲनिमेशनपटही झाला. प्रभाव चित्रांचा होता याला याहून चोख पुरावा कुठला?

विज्ञानकथा लिहिणारे इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांना तो आवडला नव्हता ना?

मुळीच नाही. एप्रिल १९२७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यांनी त्याला सर्वांत मूर्ख चित्रपट ठरवलं. यंत्रं आली की कष्ट कमी होतात, मग यंत्रांच्या शहरात माणसं गुलामासारखी का राबतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप. तर्क म्हणून तो बिनतोड आहे, पण गोदामात मनगटावरच्या यंत्राच्या हुकमाने धावणाऱ्या आजच्या कामगाराला वेल्सपेक्षा लांग जवळचा वाटेल. वेल्सच्या पटकथेवर १९३६ मध्ये 'थिंग्ज टु कम' निघाला, तेव्हा 'मेट्रोपोलिस'मध्ये जे आहे त्याच्या बरोब्बर उलट करा, अशी सूचनाच त्यांनी सहकाऱ्यांना दिली होती. हाही एक प्रभावच म्हणायचा.

चित्रपट नाझी विचारांचा आहे का?

१९२७ मध्ये नाझी सत्तेत नव्हते, आणि चित्रपट त्यांच्यासाठी बनलेला नाही. पण 'डोकं आणि हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी' हे त्याचं ब्रीदवाक्य मालक-मजुरांच्या खऱ्या भांडणावर पांघरूण घालतं, आणि हुकूमशाहीला असं पांघरूण हवंच असतं. सिगफ्रीड क्राकाउअर या समीक्षकाने १९४७ मध्ये ही टीका सविस्तर मांडली. पुढे लांग जर्मनी सोडून गेला, त्याची आई जन्माने ज्यू होती. थेआ मात्र तिथेच राहिली आणि नाझी पक्षात गेली. १९३३ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. मूळ विचार थेआचा होता असं लांग नंतर म्हणायचा, पण निम्मी जबाबदारी आपलीही आहे, हेही त्याने कबूल केलं.

भारताशी काही धागा आहे का?

आहे, आणि तो थेट बेळगावला पोचतो. लांगपासून वेगळी झाल्यावर थेआने आयी गणपत तेंडुलकर या बर्लिनमध्ये शिकायला आलेल्या, तिच्याहून बऱ्याच लहान तरुणाशी गुपचूप लग्न केलं. नामवंत जर्मन लेखिकेने सावळ्या भारतीय माणसाशी लग्न करणं नाझी राजवटीला खपलं नसतं. तेंडुलकर बेळगावजवळच्या बेळगुंदीचे. युद्धाआधी ते परतले, बेळगावात त्यांनी मराठी वृत्तपत्र काढलं, इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं आणि पुढे इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांच्या मुलीने या तिघांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आहे.

मराठी चित्रपटावर 'मेट्रोपोलिस'चा थेट प्रभाव दाखवायचा म्हटलं तर ओढाताण होईल. जर्मन चित्रपटसृष्टीचा मात्र होता. व्ही. शांताराम १९३३ मध्ये 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीला गेले होते, आणि परत आल्यावर केलेल्या 'अमृतमंथन'मधला राजगुरूच्या डोळ्याचा क्लोजअप, सावल्या, तिरके कोन पाहिले की प्रवास वाया गेला नाही हे कळतं.

कथा २०२६ मध्ये घडते म्हणतात, ते खरं का?

मूळ चित्रपटात साल कुठेच दिलेलं नाही. थेआने तर कादंबरीच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं की हे पुस्तक आजचंही नाही आणि भविष्यातलंही नाही.

अभिनय इतका भडक का?

सगळ्यांचा नाही. फ्रेडर झालेला गुस्ताव फ्रोलिश छातीवर हात आपटत पळतो, ते आज हसू आणतं हे कबूल. पण मालकाच्या भूमिकेत आल्फ्रेड आबेल भुवईसुद्धा क्वचित हलवतो. आणि हेल्मची खोटी मारिया पाहा: एक डोळा अर्धवट मिटलेला, मान झटक्याने वळणारी, खांदे वर-खाली. खरी मारिया करताना ती यातलं काहीच करत नाही. पाटी न वाचताही समोर कोण आहे हे कळतं.

कोणती आवृत्ती पाहावी?

२०१० ची, सुमारे अडीच तासांची, गॉटफ्रीड हुपर्ट्झच्या मूळ संगीतासह. अर्जेंटिनातली दृश्यं लगेच ओळखू येतात: उभ्या रेघांचा पाऊस, आणि फ्रेमच्या कडेला काळी पट्टी. दोन मिनिटांत डोळ्यांना सवय होते. जॉर्जियो मोरोडर या संगीतकाराने १९८४ मध्ये पॉप गाणी आणि रंग चढवून केलेली आवृत्ती गंमत म्हणून नंतर पाहावी. इंटरनेटवर फुकट सापडणाऱ्या बऱ्याच प्रती कापलेल्या असतात, वेग चुकलेला असतो आणि मागे कुठलं तरी संगीत चिकटवलेलं असतं. तसली प्रत पाहून कंटाळा आला तर दोष लांगला देऊ नये.

आमच्या संस्थेत दाखवायचा असेल तर?

अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून मूळ चित्रपटावरचा स्वामित्वहक्क संपला आहे, पण दुरुस्त केलेली आवृत्ती आणि संगीताचं ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असू शकतात. उफाचे जुने चित्रपट जपणाऱ्या जर्मनीतल्या म्युर्नाऊ प्रतिष्ठानला आधी पत्र लिहावं. पाट्या जर्मनमध्ये आहेत. इंग्रजी उपशीर्षकं वाचायला ज्यांना जड जातात, त्यांच्यासाठी कुणीतरी पडद्याशेजारी बसून पाट्या मराठीत वाचाव्यात. फक्त वाचाव्यात, समजावून सांगू नयेत. चित्रपटाचे तीन भाग आहेत. पहिला साधारण तासाभराने संपतो, मध्यंतर तिथेच घ्यावं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मध्ये चहा ठेवला, तर पुराच्या दृश्यापर्यंत निम्मं सभागृह बाहेरच रेंगाळत राहतं.